हरवलेलं सोनं मेटल डिटेक्टरनं शोधताना: नागपूरच्या मातीत शिकलेलं

फोनवर पलीकडून पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: "भाऊ, मशीन घेऊन किती वेळात येता?" मी सांगतो, निघालोच, पण मी पोचेपर्यंत तिथे झाडू मारू देऊ नका आणि कचऱ्याच्या पिशव्या जिथे आहेत तिथेच राहू द्या. या दोन गोष्टी ज्यांनी ऐकल्या, त्यांचं अर्धं काम मशीन सुरू व्हायच्या आधीच झालेलं असतं.

तुम्ही नुकतीच मशीन घेतली असेल, किंवा मित्राची मागून आणली असेल आणि कुणाची तरी अंगठी शोधायला निघाला असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. मशीन शोधाचा शेवटचा टप्पा सोपा करते. त्याआधीचं सगळं माणसांशी बोलून करावं लागतं.

आधी विचारपूस

वस्तू शेवटची कधी दिसली, हा पहिला प्रश्न. "सकाळी होती" हे उत्तर पुरत नाही. लग्नकार्यात हरवलं असेल तर सगळ्यांचे मोबाइल मागवा आणि फोटो मोठे करून हात बघा. काटोल रोडवरच्या एका लॉनवर नवरदेवाची अंगठी गेली होती. लॉन तीन एकरांचं, त्यावर हजारभर माणसं वावरलेली. पावणेनऊच्या स्टेजवरच्या फोटोत अंगठी बोटात होती, साडेनऊच्या फोटोत नव्हती. मधल्या पाऊण तासात नवरदेव स्टेजवरून पंगतीत आणि पंगतीतून हात धुवायला गेला होता. दिवस जानेवारीचे, गार पाणी आणि हातावर साबण. थंडीत बोटं बारीक होतात, हे लक्षात ठेवा. हात धुवायच्या नळांसमोर गिट्टी पसरली होती, तिथे दहाव्या मिनिटाला अंगठी मिळाली. बाकीच्या तीन एकरांत पाऊलही टाकावं लागलं नाही.

दुसरा प्रश्न: त्या वेळी हातानं काय चाललं होतं? हात झटकले का, लेकराला उचललं का, ओले कपडे दोरीवर टाकले का, गाईच्या गळ्यातलं दावं ओढलं का? झटक्यानं गेलेली अंगठी पायाशी पडत नाही, ती पाच-सात फुटांवर जाते. कुठल्या हातातली होती आणि माणूस कुणीकडे तोंड करून उभा होता, हे विचारा. त्याला तिथे पुन्हा उभं करून तीच हालचाल करायला लावा. हरवलेल्या वस्तूसारखा खडा हातात देऊन फेकायला लावलं तर तो कुठवर जातो, तेही कळतं.

तिसरा प्रश्न घरातला. गादीच्या फटी, गाडीच्या सीटखालची पट्टी, वॉशिंग मशीनचा फिल्टर, मोरीच्या जाळीखालचा ट्रॅप, कालची कणीक मळलेली परात. हे सगळं बघून झालं का, ते विचारा. वावर खोदून झाल्यावर अंगठी रजईच्या खोळीत मिळालेली मी पाहिली आहे.

या विचारपुशीचं मोल मला कळमेश्वरकडच्या एका वावरात कळलं. कापूस वेचताना एका काकूंचं मंगळसूत्र तुटलं. पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाची टोकं अणकुचीदार असतात, वाकल्यावर सर त्यात अडकली आणि ओढताना तुटली. तुटलेलं त्यांना कळलं थेट धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आल्यावर. चार एकरांचं वावर, आणि काकू एकच म्हणत होत्या, "कुठी पडलं ते काही समजून नाही राह्यलं बापा." मी विचारलं, कमरेची ओटी शेवटची कधी रिकामी केली? त्यानंतर त्यांनी तीन तासं, म्हणजे पऱ्हाटीच्या तीन ओळी, वेचल्या होत्या. ओटीतला कापूस चादरीवर पसरला तर त्यात सात काळे मणी निघाले, गंजीतल्या कापसात मात्र एकही नव्हता. म्हणजे सर त्या तीन तासांतच तुटली. चार एकरांतून आम्ही तीन ओळींवर आलो. पुढचं खाली सांगतो.

मशीन: कोणती घ्यावी, कोणती टाळावी

साध्या छंदी मशीनला व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे अगदी कमी वारंवारतेची) म्हणतात. तिच्या गोल तबकडीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून चुंबकीय लहरी जमिनीत जातात. धातू आड आला की त्यात बारीक प्रवाह फिरू लागतो, त्याची उलट लहर दुसरं वेटोळं पकडतं आणि कानात आवाज होतो. पडद्यावर दिसणारा आकडा धातूचं नाव सांगत नाही. तो प्रवाह किती सहज फिरतो, एवढंच त्यातून कळतं.

वारंवारता किलोहर्ट्झमध्ये लिहिलेली असते. ५-७ किलोहर्ट्झची मशीन जाड, मोठ्या वस्तूंना चांगली, नाजूक सोन्याला १० ते २० ची बरी. गॅरेट एस ४०० ही १० किलोहर्ट्झवर चालते, नोक्टा सिम्प्लेक्स १२ वर, आणि मायनलॅब इक्विनॉक्ससारख्या मशीन एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतात. सुरुवातीला महागडी लागत नाही. तिच्यासोबत एक पिनपॉइंटर मात्र घ्याच. जाड पेनासारखी ही कांडी खड्ड्यात घातली की वस्तू नेमकी कुठल्या बाजूला आहे ते कळतं. ती नसेल तर ढेकूळ हातानं फोडत बसावं लागतं. कॉइल जमलं तर दोन ठेवा: मोठी मोकळ्या जागेला, आणि सहा इंची छोटी पऱ्हाटीच्या मधून, कुंपणाच्या कडेनं, भेगांवरून फिरवायला.

आणि हे कळकळीनं सांगतो: हातात पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे डुलणारी अँटेना असलेलं, "दोनशे मीटरवरून सोनं दाखवतं" म्हणून विकलं जाणारं यंत्र घेऊ नका. तसलं काही विज्ञानात बसत नाही. एडीई ६५१ नावाचं असंच अँटेनाचं यंत्र इराकला बॉम्बशोधक म्हणून विकलं गेलं होतं. आत काम करणारं काहीच नव्हतं, आणि २०१३ साली ब्रिटनमध्ये विकणाऱ्याला १० वर्षांची कैद झाली. चांगली मशीनही अंगठी वीतभर खोलीवर सांगते, कानातला टॉप चार बोटांवर. त्यापुढचं वचन देणाऱ्याला पैसे देऊ नका.

घरच्या अंगणात एक संध्याकाळ

पहिल्या शोधाला जायच्या आधी हा सराव केल्याशिवाय निघू नका. घरातली अंगठी घ्या, तिला लाल दोरा बांधा आणि दोन, चार, सहा इंचांवर आळीपाळीनं पुरून त्यावरून कॉइल फिरवा. दोऱ्याचं टोक वर राहू द्या. आवाज कानात बसवून घ्या. मग शेजारी औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, बाटलीचं झाकण, खिळा आणि एक रुपयाचं नाणं ठेवा.

इथे एक गोष्ट ध्यानात येईल, आणि सगळ्या शोधाचा कणा तीच आहे. सोन्याच्या अंगठीचा आकडा आणि ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलचा आकडा जवळजवळ सारखा येतो. माझ्या मशीनची पट्टी ० ते ९९ ची आहे. त्यावर नाजूक अंगठी पंचेचाळीसच्या आसपास बोलते, जाड पुरुषी अंगठी पासष्टच्या, आणि मधल्या आकड्यांत फॉइल आणि कॅनच्या किल्ल्या बसलेल्या असतात. चांदीची जाड वस्तू बरीच वर जाते. त्यामुळे कचऱ्याला कंटाळून फॉइलचे आकडे बंद केले, की सोनंही बंद होतं. सुरुवातीच्या दिवसांत मी एका बागेत हेच केलं होतं. दोन तास फिरून "इथे नाही" असं सांगून आलो. दुसऱ्या दिवशी सगळे आकडे उघडे ठेवून गेलो, तर अंगठी पहिल्याच ओळीत होती. त्या ताईंची एक रात्र माझ्यामुळे रडण्यात गेली. तेव्हापासून मी फक्त लोखंडाचे खालचे आकडे बंद ठेवतो आणि त्यावरचा प्रत्येक आवाज खोदतो.

आता साखळी पुरून बघा. दहा ग्रॅमची साखळी तीन ग्रॅमच्या अंगठीपेक्षा मोठ्यानं बोलेल असं वाटतं, पण होतं उलटं. अंगठी म्हणजे एक सलग कडं, त्यात प्रवाह गोल फिरतो. साखळीत कड्या सुट्या असतात, मशीनला प्रत्येक कडी वेगळी, मोहरीएवढी वस्तू दिसते. बारीक साखळीचा आवाज बहुधा तिच्या हुकाचा किंवा पदकाचा असतो. मंगळसूत्राचंही तसंच. काळे मणी काचेचे, त्यांना मशीन ओळखत नाही. तार बारीक. बोलतात त्या दोन वाट्या. नथीत मोतीच जास्त, सोनं केसासारखं, म्हणून नथ शोधताना मशीनपेक्षा गुडघ्यावर बसून टॉर्च तिरपा धरणं बरं. अंगठी तुटून फट पडली असेल तरी तिचा आवाज निम्म्यावर येतो.

म्हणून शोधाला जाताना जोडीची वस्तू मागून घ्या. एक झुमका हरवला तर दुसरा असतोच. एक बांगडी गेली तर हातात दुसरी आहे. ती त्याच मातीत पुरा, आकडा आणि आवाज नोंदवा, मग सुरुवात करा.

आपली माती

नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेच्या काठावर वसलंय. सीताबर्डीची टेकडी त्याच पाषाणाची. तो झिजून आपली काळी कापसाची माती झाली आणि त्यातलं लोहखनिज तिच्यात उतरलं. काही न पुरलेल्या जागीही मशीन कुरकुरते ती यामुळे. यूट्यूबवर परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावर एक फूट खोल अंगठी काढताना दाखवतात, ते बघून आपल्या वावरात तशी अपेक्षा ठेवू नका.

उपाय दोन. एक, ग्राउंड बॅलन्स: धातू नसलेली जागा शोधा, बटण दाबून कॉइल जमिनीपासून फूटभर वर-खाली करा, कुरकुर थांबेपर्यंत. जागा बदलली, मुरूम लागला, तर पुन्हा करा. दोन, संवेदनशीलता कमी करा. नवखा माणूस ती शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो आणि त्या गोंगाटात खरा आवाज बुडतो. शांत मशीन चार बोटं कमी खोल ऐकते, पण जे ऐकते ते खरं ऐकते. कोराडी-खापरखेड्याकडे उच्चदाबाच्या तारांखाली हे जास्तच लागतं. लॉनवर शोधत असाल तर सजावटीच्या माळांची वीज आधी बंद करायला सांगा.

चालायचं कसं

सुतळी आणि चार खुंट्या सोबत ठेवा. खुंट्या लाकडाच्या, लोखंडी नकोत. जागेचे मीटरभर रुंद पट्टे पाडा. कॉइल जमिनीला समांतर आणि दोन बोटं वर. हेलकाव्याच्या शेवटी हात आपोआप वर उचलला जातो, तिथेच वस्तू सुटते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. एक पट्टा संपला की सुतळी सरकवा. सगळं झाल्यावर आडव्या दिशेनं पुन्हा. तिरपी रुतलेली अंगठी एका दिशेनं गप्प राहते आणि दुसऱ्या दिशेनं बोलते.

हळू चाला. पहिल्या अर्ध्या तासात घरची मंडळी भोवती उभी असतात आणि त्यांच्या घाईनं आपले पाय पळू लागतात. त्यांना एक काम द्या: सुतळी धरायला लावा, निघालेला कचरा डब्यात टाकायला सांगा.

खोदायचं कसं

कुदळ आणि फावडं नको. एका घावात साखळीचे तीन तुकडे होतात. खुरपं पुरे, आणि तेही आवाजाच्या जागेपासून चार बोटं दूर रोवायचं. हिरवळ असेल तर तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटा, चौथी बाजू मुळांनी जोडलेली राहू द्या. माती थेट बाजूला फेकू नका. नागपुरात उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा असतोच, तो अंथरा आणि माती त्यावर काढा. मग त्या मातीवरून कॉइल फिरवा. आवाज दुपट्ट्यावर आला की मूठ-मूठ माती कॉइलसमोरून नेत जा. ज्या मुठीला आवाज येईल ती वाळूच्या चाळणीत घ्या. हातात घड्याळ आणि स्वतःची अंगठी नको, नाहीतर प्रत्येक मूठ वाजेल. खड्डा बुजवून, पायानं दाबून मगच पुढे. वस्तू मिळो न मिळो, जागा होती तशी सोडा.

काकूंच्या त्या वावरात पहिल्या तासात, म्हणजे पहिल्या ओळीत, काही नव्हतं. दुसऱ्यात जुन्या औताचा फाळ, एक नट. तिसऱ्या तासाच्या मध्यावर, आदल्या दिवशी ओलित केलेल्या चिखलात टाचेचा ठसा होता आणि त्या ठशात हलका, पण दोन्ही दिशांनी सारखा येणारा आवाज. टाचेनं वाटी चार बोटं खाली दाबली गेली होती. वाटीच्या पोटात माती गच्च भरलेली, आणि कडेला तारेचा वीतभर तुकडा, त्यात अकरा मणी तसेच ओवलेले. काकूंनी ती मातीसकट पदरात घेतली. दुसरी वाटी अंधार पडेपर्यंत मिळाली नाही.

भेगा

एप्रिल-मेमध्ये काळी माती आटते आणि वावरात, अंगणात, शाळेच्या मैदानात भेगा पडतात. त्यात मनगट जाईल एवढी रुंदी आणि काठी घातली तरी तळ लागू नये एवढी खोली असते. सोनं मातीच्या सात-आठ पट जड, ते भेगेत पडलं की मधे अडकत नाही, सरळ खाली जातं.

अशा वेळी लोक पहिलं काय करतात, तर भेगेत पाणी ओततात, वस्तू तरंगून वर येईल म्हणून. हे करू नका. माती फुगते, भेग मिटते आणि दागिना आत गाडला जातो. पावसाचं चिन्ह असेल तर भेगेवर ताडपत्री टाका. मग टॉर्चच्या उजेडात भेग पूर्ण लांबीनं बघा, काठीला बांधलेला पिनपॉइंटर हळूहळू खाली सोडा, आणि आवाज आला की भेगेच्या आतून हात न घालता बाजूनं चर खणत तिच्याकडे या. आत हात घालायचा नाही, भेगांमध्ये विंचू असतात.

पाणी

फुटाळा, अंबाझरी, कन्हानचा डोह: इथे वस्तू पडली असेल तर नवख्यानं आत उतरू नये. तळ्याच्या तळाचा गाळ पाय धरतो. काठावरच्या गुडघाभर पाण्यात शोधायचं तर आधी बघा की तुमच्या मशीनची फक्त कॉइल पाण्यात चालते की वरची डबीसुद्धा. बऱ्याच मशीनची डबी चालत नाही.

परवानगी आणि लोकांची शंका

आपल्याकडे हातात मशीन घेऊन वावरात फिरणारा माणूस म्हणजे गुप्तधनवाला, असं गावाला वाटतं, आणि त्यांना तसं वाटायला कारणं आहेत. गुप्तधनाच्या नावानं झालेल्या अघोरी प्रकारांमुळे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा समावेश आहे. म्हणून रात्री जाऊ नका. जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या, पोलीस पाटलांना सांगून ठेवा, आणि ज्यांची वस्तू हरवली ते शोध संपेपर्यंत सोबत असू द्या. सार्वजनिक बागेत खुरपं लावायच्या आधी तिथल्या कार्यालयाला विचारा.

जुनापाणीची शिलावर्तुळं, मनसर, रामटेक अशा संरक्षित ठिकाणी मशीन पिशवीतून काढूही नका. तिथे खोदणं गुन्हा आहे, आणि मातीतली वस्तू तिच्या जागेवरून हलली की तिचा इतिहास तिथेच तुटतो. शोधताना कुणी पुरून ठेवलेली जुनी नाणी किंवा दागिने निघाले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं १० रुपयांहून जास्त किमतीच्या निधीची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. अलीकडेच कुणाची पडलेली अंगठी मिळाली आणि मालक ठाऊक नसेल तर पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या. परकी वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे.

सापडल्यावर

खड्ड्यात असतानाच एक फोटो काढा, मग मालकाच्या हातानं वस्तू उचलू द्या. मातीचा गोळा असेल तर घासू नका, कोमट पाण्यात ठेवा, माती आपोआप सुटते. घासली की खडे निघतात. दोघांनी दावा केला तर दागिन्याच्या आतल्या बाजूला भिंगानं बघा. १ एप्रिल २०२३ पासून सराफाकडचं हॉलमार्कचं सोनं सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय विकता येत नाही. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. मालकाचं नाव दिसत नाही, पण पावतीशी ताडून बघता येतं. जुन्या दागिन्यावर हा क्रमांक नसतो, तिथे जुने फोटो कामी येतात.

आणि न सापडल्यास? नकाशा काढून ठेवा. कुठले पट्टे दोन्ही दिशांनी झाले, कुठे कॉइल पोचली नाही, झाडं किंवा धुरा कुठे आडवा आला, सगळं कागदावर, तारीख टाकून. वावर असेल तर मालकाला विचारा की नांगरणी कधी. नांगर वीतभराखालची माती उलटून वर आणतो, आणि गेल्या वेळी खोल असलेली वस्तू या वेळी दोन बोटांवर येऊ शकते. नांगरट झाल्यावर पहिल्या पावसाआधीचे दिवस सर्वांत चांगले, कारण ढेकळं अजून विरघळलेली नसतात.

काकूंच्या वावराचा कागद मी जपून ठेवला होता. मेमध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला, "नांगरणी झाली जी, येता का?" सकाळी सहाला पोचलो, ऊन चढायच्या आत. नांगरानं ओळी मोडल्या होत्या, पण धुऱ्यावरच्या बाभळीपासून पावलं मोजून तिसरं तास पुन्हा आखलं. पावणेआठच्या सुमारास एका ढेकळाला आवाज आला. ढेकूळ दोन्ही हातांनी फोडलं, तर निम्मी माती उजव्या मुठीत आणि निम्मी डाव्या. उजवी मूठ कॉइलसमोर नेली, गप्प. डावी नेली आणि काकू माझ्याआधीच म्हणाल्या, "वाजलं."